साखळीनंतरचा घाट

६ एप्रिल २०२५, रामनवमीचा रविवार. दुपारी देवळातला सुंठवडा खाऊन झालेला आणि रात्री गोव्यात, फातोर्ड्याला, गोवा-बंगळूर उपांत्य फेरीचा परतीचा सामना. ८८व्या मिनिटाला आर्मांडो सादिकूने गोल मारला तसा मी खुर्चीतून उठलो. दोन सामन्यांची बेरीज २-२ झाली होती. चार दिवसांपूर्वी कंठीरव स्टेडियमवर खाल्लेले दोन्ही गोल एफसी गोवाने फेडले होते. शेजारी पुतण्या बसला होता, निळ्या जर्सीत. शिकायला बंगळूरला गेला आणि येताना तिथला संघ घेऊन आला. तो जागचा हलला नाही. “काका, बसा की. अजून संपली नाही मॅच,” एवढंच म्हणाला.

चार मिनिटांनी नामग्याल भुतियाचा क्रॉस आला आणि सुनील छेत्रीने त्याला डोकं लावलं. बेरीज ३-२. मी बसलो.

तो गोल त्यानंतर मी कितीतरी वेळा पाहिला. आधी चरफडत, मग कुतूहलाने आणि आता, खरं सांगायचं तर, आवडीने. छेत्री तेव्हा चाळीस वर्षांचा होता. धावण्याच्या शर्यतीत तो आमच्या पोरांना हरवणार नव्हता. त्याने हरवलं ते जागा ओळखण्यात. चेंडू हवेत असताना बचाव करणाऱ्याची नजर चेंडूवर खिळते, ते माणसाच्या स्वभावातच आहे. छेत्रीची नजर चेंडू जिथे उतरणार त्या जागेवर असते. अर्ध्या पावलाचा फरक, पण अर्धं पाऊल पुरतं. गोलसमोरच्या पेटीत त्याने एवढ्या वर्षांत जे जमवलं ते सगळं त्या अर्ध्या पावलात होतं. आणि मिनिट कोणतं? बरोबरी साधून संपूर्ण फातोर्डा नाचत होतं, खेळाडूंच्या मनात जादा वेळेचे हिशेब सुरू झाले असतील, नेमकं ते मिनिट. आनंदात असलेला संघ फार उघडा असतो.

आमच्या बेळगावहून निघालं की पिरनवाडीच्या फाट्यावर रस्ता दुभंगतो. एक खानापूरकडे जातो. दुसरा जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरतो, साखळीला पोचतो आणि पुढे गोवा. बेळगावची भाजी याच रस्त्याने रोज गोव्याच्या बाजारात जाते. राजधानी बंगळूर इथून पाचशे किलोमीटर, फातोर्डा त्याच्या चौथ्या हिश्श्यावर. एफसी गोवाच्या बोधचिन्हावरचा गवा आमच्या खानापूरच्या रानातही आहे. त्यामुळे कर्नाटकात राहून मी केशरी जर्सी का घालतो, हे मला कुणाला समजावून सांगावं लागलेलं नाही. पुतण्याला मात्र निळ्या जर्सीबद्दल सगळ्या पाहुण्यांना उत्तर द्यावं लागतं.

या रस्त्यावर आधी घाट लागतो, मग साखळी. फुटबॉलमध्ये उलट आहे. आधी साखळी सामने, महिनोन्महिने चालणारे, आणि ते संपल्यावर बाद फेरीचा घाट. २०२४-२५च्या साखळीत गोव्याचे २४ सामन्यांत ४८ गुण होते, बंगळूरचे ३८. दहा गुणांचं अंतर म्हणजे सरळ रस्त्यावर कुठल्या कुठे मागे टाकलेली गाडी. पण घाटाच्या तोंडाशी सगळ्या गाड्या पुन्हा एका रांगेत उभ्या केल्या जातात. तिथून पुढे वेग बघत नाहीत, वळण कोण कसं घेतो ते बघतात. आणि गेली काही वर्षं आमच्याविरुद्ध सगळ्यात सुंदर वळणं बंगळूर घेत आलं आहे. म्हणून हे रसग्रहण प्रतिस्पर्ध्याचं.

बंगळूरची गोष्ट एका तारखेपासून सुरू करावी लागते. १७ मार्च २०१८. स्वतःच्या घरी, कंठीरववर, ते चेन्नईयनविरुद्ध अंतिम सामना खेळले आणि २-३ हरले. प्रशिक्षक होते स्पेनचे आल्बर्ट रोका. साखळीत पहिला आलेला, चेंडू सुरेख खेळवणारा संघ. चेन्नईयनच्या जॉन ग्रेगरींनी त्यांना खेळात हरवलं नाही, कॉर्नरवर हरवलं. मैल्सन आल्वेस या उंच बचावपटूने कॉर्नरवरून डोक्याने दोन गोल केले. ज्याच्याकडे चेंडू जास्त त्याच्याकडे सामना, हा समज त्या संध्याकाळी घरच्या प्रेक्षकांसमोर मोडला.

रोका गेले. क्लबने बाहेरून नवा माणूस आणला नाही, त्यांचाच सहायक कार्लेस कुआद्रात याच्या हाती संघ दिला. हा बदल मला फार आवडतो. प्रशिक्षक बदलला की बहुतेक क्लब भिंतीसकट घर पाडतात. बंगळूरने फक्त वरची कौलं बदलली. कुआद्रात त्या पराभवाच्या वेळी बाकावर बसलेला माणूस होता. कॉर्नरवर काय घडू शकतं हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९ला, मुंबईत अंतिम सामना. समोर आम्ही. साखळीत दोघांचे गुण सारखे, ३४-३४. सर्जिओ लोबेराचा तो गोवा संघ ज्याने पाहिला त्याला त्याचं वेगळं वर्णन करायला नको. फेरान कोरोमिनासने लागोपाठ दोन मोसम सर्वाधिक गोल केले, आधी १८ आणि मग १६. अहमद जाहू मागून पन्नास मीटरचा पास असा टाकायचा की चेंडू पायाशी येऊन झोपावा. उपांत्य फेरीत मुंबईला मुंबईत ५-१ हरवून आम्ही आलो होतो.

कुआद्रातने त्या सामन्यात जे केलं ते तेव्हा मला भित्रेपणाचं वाटलं होतं. आज वाटत नाही. त्याने आमच्याशी चेंडूवरून भांडणच केलं नाही. घ्या म्हणाला. कोरोमिनासपर्यंत जाणाऱ्या वाटा तेवढ्या बुजवल्या आणि घड्याळ चालू दिलं. ९० मिनिटं ०-०. जादा वेळेचा पहिला भाग संपता संपता, १०५व्या मिनिटाला, जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. आमच्या खेळाची नाडीच गेली. ११७व्या मिनिटाला बंगळूरला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोने तो घेतला, राहुल भेकेने डोकं लावलं आणि चेंडू खांबाला लागून आत. १-०.

शाळेत असताना बेळगावच्या कॅम्पातल्या सेंट पॉल्सच्या मैदानावर आम्ही फुटबॉल बघायचो, खेळायचो. तिथे शिकलेली एक साधी गोष्ट आहे: कॉर्नरला उभ्या जागेवरून उडी मारणाऱ्यापेक्षा धावत येऊन उडी मारणारा वीतभर वर जातो. उभा असतो तो राखणारा, धावत येतो तो मारणारा. ११७ मिनिटं चेंडू खेळवत धावलेल्या, त्यातही एका माणसाने कमी झालेल्या संघाचे पाय त्या वीतभरासाठी उरत नाहीत. भेकेची उडी त्या क्षणाची नव्हती, कुआद्रातने पहिल्या मिनिटापासून ती साठवत आणली होती. मागच्या वर्षी ज्या हत्याराने घाव बसला तेच हत्यार त्याच तारखेला, धार लावून, त्याने दुसऱ्यावर चालवलं. एवढं बांधेसूद उत्तर मी खेळात क्वचित पाहिलं आहे.

आणि राहुल भेके हा मुंबईचा मराठी मुलगा. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आता आमच्याकडचा बदल. २०१९-२०च्या मोसमात गोवा साखळीत पहिल्या क्रमांकावर होतं आणि ३१ जानेवारी २०२०ला क्लबने लोबेराला निरोप दिला. उरलेली साखळी गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडाने सांभाळली, संघ पहिला आला, साखळी विजेत्याची पहिली ढाल गोव्याने उचलली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळवली. पण घाटात समोर कोण उभं होतं? चेन्नईयन. त्यांनीही त्याच मोसमात प्रशिक्षक बदलला होता. ग्रेगरी गेले होते, डिसेंबरमध्ये ओवेन कॉयल आला होता आणि तळाशी रुतलेला संघ त्याने ओढून वर काढला होता. दोन्हीकडे मोसमाच्या मध्येच बदल झाले, पण किती वेगळे! त्यांचा बदल गरजेतून आलेला, खेळाडूंना नवा श्वास देणारा. आमचा बदल शिखरावरच्या संघात. चेन्नईत आम्ही १-४ हरलो, फातोर्ड्यात ४-२ जिंकलो, बेरीज ५-६. परतीच्या सामन्यात पहिल्या २१ मिनिटांत दोन गोल झाले तेव्हा वाटलं होतं की होतंय. मग लालियानझुआला छांगटेने एक मारला. हेही नाव पुन्हा येणार आहे.

लोबेरा मुंबईला गेला. त्याच्यामागे जाहू गेला, मुर्तदा फॉल गेला, ह्यूगो बूमू गेला, आपला मंदार राव देसाईही गेला. २०२०-२१मध्ये मुंबईने साखळीही जिंकली आणि चषकही, आणि वाटेत उपांत्य फेरीत टायब्रेकरवर हरवलं ते आम्हालाच. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी यांचे सामने बघणाऱ्यांना खेळाडू एका तालमीतून दुसरीकडे जाणं नवीन नाही. पण प्रशिक्षक आपला खेळच पेटीत भरून दुसऱ्या गावी नेतो आणि तिथून तो आपल्याविरुद्ध मांडतो, हे बघणं वेगळं. आपल्याच आईची भाकरी दुसऱ्याच्या ताटात बघावी तसं. चव ओळखीची, ताट परकं. पुढच्याच मोसमात, डिसेंबर २०२१मध्ये, लोबेरानंतर आमचा प्रशिक्षक झालेला हुआन फेरांदोही आम्हाला मध्येच सोडून कोलकात्याला मोहन बागानकडे गेला. दीडेक वर्षात त्याने तिथे चषक जिंकला. अंतिम सामना फातोर्ड्यात झाला आणि हरलेला संघ बंगळूर होता. त्या रात्री कुणाच्या बाजूने व्हावं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

बंगळूरकडे परत येऊ. जानेवारी २०२१मध्ये कुआद्रात गेला. मग जर्मनीचा मार्को पेझायओली आला, मग इंग्लंडचा सायमन ग्रेसन. ग्रेसनने संघाला त्या फातोर्ड्यातल्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, पण डिसेंबर २०२३मध्ये त्यालाही जावं लागलं. आणि मग क्लबने जेरार्ड सारागोसाला आणलं. बातमी वाचली तेव्हा मी या नावाकडे नीट पाहिलं नव्हतं. सारागोसा हा २०१८-१९च्या विजेत्या संघात कुआद्रातचा सहायक होता. मुंबईतल्या त्या ११७व्या मिनिटाचा साक्षीदार. रोकाचा सहायक कुआद्रात, कुआद्रातचा सहायक सारागोसा. मध्ये दोन बाहेरची वळणं घेऊन बंगळूर पुन्हा आपल्या घराण्यात आलं. गाण्यात घराणं म्हणतो तसंच हे. बंदिश निराळी असेल, गायक निराळा असेल, आवाज लावायची जागा तीच. बंगळूरचा आवाज शेवटच्या मिनिटांत लागतो, आणि तो डोक्याने लागतो.

सारागोसाकडे परतलेला आणखी एक माणूस होता. राहुल भेके. मधली तीन वर्षं तो मुंबईकडून खेळला आणि २०२४मध्ये पुन्हा बंगळूरला आला. मुंबईतल्या त्याच्या शेवटच्या मोसमाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण २४ एप्रिल २०२४ हा दिवस गोव्याचा कुठलाही माणूस विसरलेला नाही.

उपांत्य फेरीचा पहिला सामना, फातोर्ड्यात. मुंबईनेही मोसमाच्या मध्येच प्रशिक्षक बदलला होता. डेस बकिंगहॅम इंग्लंडला ऑक्सफर्डकडे गेला आणि पेत्र क्रात्की आला. आमच्याकडे मानोलो मार्केझ. बोरिस सिंगने १६व्या मिनिटाला, ब्रँडन फर्नांडिसने ५६व्या मिनिटाला गोल केले. ९०व्या मिनिटापर्यंत २-०. त्यानंतर छांगटे, लगेच पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप सिंग, आणि ९६व्या मिनिटाला पुन्हा छांगटे. २-३. सात मिनिटांत तीन. त्या मोसमातला मुंबईचा कर्णधार होता भेके.

त्या सात मिनिटांबद्दल लोक नशिबाचं नाव घेतात. मी घेत नाही. पहिला गोल खाल्ल्यावर आमच्या पोरांनी जे केलं ते त्यांच्या शिकवणुकीला धरूनच होतं: चेंडू घ्या, खेळा, पुढे जा. गोव्याच्या खेळाला ‘थांब’ हे क्रियापद येत नाही. चेंडू लांब मारून देणं, कोपऱ्यात नेऊन अडवून धरणं, फ्री किक घ्यायला वेळ लावणं, या गोष्टी त्याला हलक्या वाटतात. मलाही वाटायच्या. क्रात्कीने संघ हाती घेतल्यावर हेच ओळखलं असणार की या लोकांना २-०वरही सामना संपवता येत नाही, म्हणून ९० मिनिटं झाली तरी आपल्या पोरांना मागे वळू द्यायचं नाही. दोन गोलांनी पिछाडीवर असताना शेवटच्या मिनिटाला तोच आकार, तोच वेग, तीच माणसं पुढे. याला धीर म्हणतात, आणि तो सरावाच्या मैदानावर घोटावा लागतो. पुढचा सामना मुंबईने २-० जिंकला. त्यात मला फारसं काही दिसत नाही. निकाल आधीच लागला होता.

शेवटच्या मिनिटांतल्या पराभवाचं हे दार पहिल्यांदा उघडलं होतं २० डिसेंबर २०१५ला. झिको आमचे प्रशिक्षक, समोर मार्को मातेराझीचं चेन्नईयन, मैदान फातोर्डाच, अंतिम सामना. ९० मिनिटं भरत आली तेव्हा आम्ही २-१ पुढे. मग गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनीकडून चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि दोनच मिनिटांत स्टिव्हन मेंडोझाने विजय नेला. कट्टीमनी गोव्याचा, आडनाव आमच्या भागात ऐकू येणारं. मला तो घरातल्यासारखा वाटायचा, आणि त्या रात्री त्याचा चेहरा बघवत नव्हता. पण २० मार्च २०२२ला तोच माणूस त्याच फातोर्ड्यात हैदराबादच्या जर्सीत उभा राहिला आणि केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात टायब्रेकरला तीन पेनल्टी अडवून संघाला चषक देऊन गेला. हैदराबादचे प्रशिक्षक होते मानोलो मार्केझ. वर्षभराने ते आमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं, फातोर्ड्यात शेवट कसा करायचा हे ठाऊक असलेला माणूस एकदाचा घरी आला.

मानोलोंची आणि छेत्रीची गाठ मला विलक्षण वाटते. मार्च २०२५मध्ये मानोलो एकाच वेळी गोव्याचेही प्रशिक्षक होते आणि भारताचेही. आदल्या वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झालेला छेत्री त्यांच्याच भारतीय संघात परत आला, आणि १९ मार्चला मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला, डोक्यानेच. म्हणजे तीन आठवड्यांच्या आत जे आमच्यावर येणार होतं ते मानोलोंनी स्वतःच्या बाकावरून, टाळ्या वाजवत पाहिलं होतं.

त्या महिन्यात दोन संघांची तयारी किती वेगळी झाली तेही बघायला हवं. साखळीत दुसरे आल्यामुळे आम्ही थेट उपांत्य फेरीत, म्हणजे जवळपास चार आठवडे सामनाच नाही. तिसऱ्या क्रमांकाच्या बंगळूरला मधली एका सामन्याची बाद फेरी खेळावी लागली. शिक्षा म्हणून ठेवलेली ती पायरी सारागोसाने तालीम म्हणून वापरली. २९ मार्चला मुंबईला ५-० उडवलं, पाच गोल पाच वेगवेगळ्या खेळाडूंचे, आणि चार दिवसांनी तापलेल्या अंगाने आमच्यासमोर. आमची अंगं अजून थंड होती. ४२व्या मिनिटाला संदेश झिंगनकडून स्वयंगोल, ५१व्या मिनिटाला एडगर मेंडेझ. २-०. बक्षीस म्हणून मिळालेली विश्रांती घाटाच्या चढावर किती महाग पडते, हे मोटार चालवणाऱ्याला कळेल. थंड इंजिन चढ घेत नाही.

आणि तरीही ६ एप्रिलचा गोवा मला प्रिय आहे. बोर्हा हेरेराचा ४९व्या मिनिटाचा गोल झाल्यावर पुढची चाळीस मिनिटं त्यांनी चेंडू फिरवत, न घाबरता, आपल्याच चालीने दुसरा गोल शोधला आणि मिळवला. खेळ मोडून लांब लांब चेंडू फेकणं सुरू केलं नाही. माझ्या मते मानोलोंच्या गोव्याची ती सगळ्यात देखणी चाळीस मिनिटं होती. सारागोसाने त्यांना तेवढं खेळू दिलं. त्याला ठाऊक होतं की गोल केल्यावर हे लोक उघडे पडतात. सादिकूचा गोल झाल्यावर बंगळूरचे खेळाडू मान खाली घालून उभे राहिले नाहीत, सरळ पुढे आले. पुतण्याला ते घरबसल्या कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

अंतिम सामन्यात बंगळूर जादा वेळेत मोहन बागानकडून १-२ हरलं. पुतण्या दोन दिवस जेवला नाही नीट. मला आनंद झाला नाही.

मे महिन्यात मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. २०१९मध्ये बंगळूरकडून हरल्यावर महिन्याच्या आत गोव्याने भुवनेश्वरला सुपर कप जिंकला होता, चेन्नईयनला २-१ हरवून. २०२५मध्येही तेच घडलं. ६ एप्रिलला हरलो आणि ३ मेला भुवनेश्वरलाच जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप उचलला. पण मला त्या अंतिम सामन्यापेक्षा आधीचा पंजाबविरुद्धचा सामना जवळचा आहे. आम्ही ०-१ मागे होतो. समोरचा संघ घड्याळ बघत होता, आणि आमचे खेळाडू, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं वाटलं, घड्याळाकडे ढुंकून न बघता खेळत होते. अगदी शेवटाला बोर्हाने बरोबरी केली. त्यानंतर नाचणं नाही, मिठ्या नाहीत, चेंडू जाळ्यातून काढून मध्यरेषेकडे धाव. मग मोहम्मद यासिरचा गोल, २-१.

पुतण्या तेव्हा बंगळूरला परतला होता. घरात मी एकटाच होतो. बोर्हाचा गोल झाला तेव्हा मी उठलो नाही. यासिरचा झाला तेव्हाही नाही. पंचाची शिट्टी वाजेपर्यंत बसून राहिलो.